चालून दाखवा

चाकणच्या पेठेत दगडूभाई अत्तारांच्या दुकानासमोर उभी राहून मी पहिल्यांदा सुंठ मागितली, तेव्हा त्यांनी ती मला दिली नाही. तराजू खाली ठेवला, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "आधी त्या लिंबापर्यंत चालून दाखवा."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. वाईहून येऊन चाकणच्या प्राथमिक शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून रुजू झाले होते. गावात कुणी ओळखीचं नव्हतं आणि मला राग फार लवकर यायचा. तो अजूनही येतो, पण आता माझ्या वयाकडे बघून लोक ऐकून घेतात. भर बाजारात बाईमाणसाला चालून दाखवायला सांगणारा हा कोण टिकोजीराव, असं मनात आलं. पण डोकं इतकं ठणकत होतं की भांडायचं त्राण नव्हतं. गेले कडुलिंबापर्यंत आणि आले परत. कांद्याची गाडी भरणारे हमाल हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होते. दगडूभाई मात्र बघतसुद्धा नव्हते. त्यांची नजर समोरच्या जिऱ्याच्या पोत्यावर होती.

"टाच आपटती," ते म्हणाले. "डोकं कवापास्नं दुखतंय?"

डोक्याचं मी अवाक्षर बोलले नव्हते. "पंधरा दिवस झाले," मी म्हटलं. "म्हणून तर सुंठ हवी आहे. उगाळून लावते."

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. काल रात्री काय खाल्लं, बसून खाल्लं की चुलीपुढे उभ्याउभ्या, झोप कधी लागली, मधे जाग आली का. वर्गात मी मुलांना असे प्रश्न विचारायचे. स्वतः उत्तरं द्यायची पाळी आली तेव्हा कळलं की ते किती त्रासाचं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "शाळंत असताना पाणी किती येळा पिता?"

"शाळेत नाही पीत."

"घोटभर बी न्हाई?"

"नाही."

पुड्या बांधायच्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊन दगडूभाईंनी ते थोडं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. मग आतल्या बाजूला हाक मारली, "जैनब, जरा भाईर ये." आणि बायको बाहेर यायच्या आत स्वतः मागच्या दाराने निघून गेले.

आतून सगळं ऐकत असलेल्या जैनबचाची आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्या शाळंत बायामाणसाला जायाला जागा न्हाई, व्हय ना? म्हणून तुमी दिवसभर पाणी पीत न्हाई. उद्यापास्नं मधल्या सुट्टीत आमच्या परसात यायचं. दाराला आतनं कडी हाय. आन् पाणी प्यायचं."

मला तिथेच रडू आलं. शाळेत सात मास्तर होते, आठवे हेडमास्तर. त्यांतल्या एकाच्याही ही गोष्ट डोक्यात आली नव्हती आणि माझ्या तोंडून ती कुणाला सांगणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीत अत्तारांच्या दुकानातून मागच्या परसात जायला लागले. माझी चाहूल लागली की दगडूभाई माझ्याकडे पाठ करून वरच्या फळीवरचे डबे लावत बसत. मी परत जाईपर्यंत ते डबे लागत नसत. चाकणला मी तीन वर्षं होते आणि शाळेच्या एकाही दिवशी यात खंड पडला नाही. डोकं दुखायचं चार दिवसांत थांबलं. सुंठ मिळाली नाही ती नाहीच.

दगडूभाई उंच, किडकिडीत होते. पांढरी कातरलेली दाढी, काळी टोपी, आणि अंगाला ओवा, वाळा आणि हिना यांचा मिळून येणारा एक वास. दुकानात छतापर्यंत पत्र्याचे डबे होते आणि एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. मी मास्तरकीच्या सवयीने एकदा म्हटलं, "चाचा, मी नावं लिहून देते." त्यावर म्हणाले, "चिठ्ठी डोळ्यांसाठी असती, बाई. आमचा धंदा नाकाचा हाय." डबा उघडायचा, एकदा हुंगायचा, चिमूट बोटांत चोळायची आणि तोलायला घ्यायचं, ही त्यांची पद्धत. मला ती ऐट वाटायची.

औषधं विकणं हा त्यांचा धंदा होता आणि ती न विकणं हा त्यांचा स्वभाव. "औषध शेवटी, आधी माणूस," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला लिंबापर्यंत पिटाळत. पोटदुखीवाला आला की विचारत, "घास किती येळा चावतोस? दात तोंडात दिल्यात, आतड्यात न्हाई दिलं." म्हाताऱ्या माणसांना ते ओट्यावर बसवत आणि हात न टेकता उठून दाखवायला लावत. ज्याला उठता येत नसे, त्याने रोज दहा वेळा येऊन उठबस करायची. सकाळी दुकानासमोर पाच-सहा म्हातारे कण्हत-कुंथत उठाबशा काढताना दिसायचे. परगावचा माणूस बाजाराला आला तर त्याला वाटायचं, यांना कुणी शिक्षा केली आहे. जैनबचाची मला म्हणायच्या, "अजी, ह्यांचं दुकान हाय का तालीम, तेच मला कळंना."

तेव्हा तिकडे पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. गावातली दोन-चार पोरं सायकलवरून तिथे कामाला जायची आणि येऊन गोळ्यांच्या, इंजेक्शनांच्या गोष्टी सांगायची. दगडूभाईंना त्याचं कौतुक होतं. "चांगली गोष्ट हाय," ते म्हणायचे. "लई माणसं वाचतील. पर चालायचं कारखान्यात तयार व्हनार न्हाई. ते घरीच करावं लागंल."

आणि ते स्वतःला वैद्य समजत नव्हते, हे सांगायला हवं. छातीत कळ, रक्त पडणं, उतरत नसलेला ताप, असं काही दिसलं की हात जोडून म्हणत, "हे माझं काम न्हाई. दवाखान्यात जा." पुढे कुणी कितीही गयावया केली तरी ते एक बडीशेपसुद्धा देत नसत. कुणी दवाखान्याला घाबरला तर त्याला स्वतः टांग्यात बसवून द्यायचे.

त्यांच्या सगळ्या उपचारांत नाव झालं ते शेळीचं.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते त्या गंगूमावशींना रात्री झोप नव्हती. सत्तरीच्या होत्या, एकट्या होत्या, आणि झोप नाही ही एकच गोष्ट त्या दिवसभर सर्वांना सांगायच्या. दिवसभर म्हणजे मधल्या तीन डुलक्या सोडून. त्यांनी दगडूभाईंकडे झोपेचं औषध मागितलं. दगडूभाईंनी डुलक्यांची चौकशी केली, चहाची केली आणि औषध काही दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते एक काळी शेळी घेऊन आमच्या दारात हजर. शेळीचं नाव बिजली.

"मावशी, एक अडचण हाय," ते म्हणाले. "हिला सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावं लागतं. माझे गुडघे धरल्यात. तुमी न्याल का? दुपारी बी हिच्यावर नजर ठेवावी लागती, न्हाईतर दावं खाती."

मावशींनी आधी दगडूभाईंना, मग शेळीला, मग त्यांच्या गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि दावं हातात घेतलं. बिजली नावाप्रमाणे होती. मावशी तिला फिरवत होत्या की ती मावशींना, हे सांगणं कठीण होतं. वेशीपर्यंत जायचं ठरवून निघालेल्या मावशी किल्ल्याच्या बुरुजाशी सापडायच्या. दुपारची डुलकी गेली, कारण डोळा लागला की बिजली लुगड्याचा पदर चघळायची. आठवड्याने मावशी रात्री घोरायला लागल्या आणि माझी झोप गेली.

मावशी बऱ्या झाल्यावर दगडूभाईंनी शेळी खंडूआप्पांकडे नेली. आप्पा एके काळचे पैलवान, पासष्टीचे, आता ओट्यावर बसून खाण्यापुरतेच हलायचे. दोन महिन्यांत त्यांचं पोट उतरलं. मग ती सोनारांच्या म्हातारीकडे गेली, मग निवृत्त पोस्टमास्तरांकडे. शेळी मागायला लोक आपणहून यायला लागले आणि दगडूभाई ती पाळीने देत. दीड वर्षात पेठेतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांची तब्येत सुधारली. खराब झाली ती फक्त बिजलीची. ती इतकी रोडावली की शेवटी दगडूभाईंनी तिला आठ दिवस सक्तीची विश्रांती दिली. तिचे गुडघे धरले होते, दगडूभाईंचे मुळीच नाही. ते शेळीसाठी मुद्दाम तळेगावच्या बाजाराला गेले होते, हे चाचींनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या वर्षीच्या रामनवमीला जे झालं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. म्हणजे आम्ही हसलो. पण नंतर.

आळीतल्या मंदिरात रामजन्माला सुंठवडा व्हायचा आणि त्याला लागणारी सुंठ दरवर्षी दगडूभाई द्यायचे. स्वतः खलात कुटायचे, वस्त्रगाळ करायचे आणि देवाची म्हणून पाठवायचे. त्या वर्षी त्यांना उन्हाळी सर्दी झाली होती. नाक पुरतं बंद. त्याच आठवड्यात लांबच्या एका वैद्यबुवांनी सोनामुखीची पूड मागवली होती. सोनामुखी म्हणजे जालीम जुलाबाचा पाला. दोन्ही चूर्णं एकाच दिवशी कुटली, शेजारी शेजारी ठेवली, आणि वैद्यबुवांकडे गेली सुंठ.

मंदिरात सुंठवडा कालवायला गंगूमावशी होत्या. खोबरं, खसखस, वेलदोडा, भरपूर पिठीसाखर. पूड जराशी हिरवट दिसली ती वेलदोड्यामुळे वाटली. पण नैवेद्याची चव आधी घ्यायची नसते आणि त्या दिवशी सगळ्यांचा उपास. बारा वाजता जन्म झाला, पाळणा हलला आणि द्रोणातून सुंठवडा वाटला गेला. खंडूआप्पा म्हणाले, "औंदा तिखट कमी हाय, जरा कडवट लागतंय." मावशींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की आप्पांनी द्रोण चाटून पुसून संपवला. प्रसादाला नाव ठेवायची कुणाची छाती? हेडमास्तरांनी तर भक्तिभावाने तीनदा मागून घेतला. मीही दोनदा घेतला. रिवाजाप्रमाणे एक मोठा द्रोण दगडूभाईंच्या घरी गेला आणि नाक बंद असल्यामुळे त्यांनीही तो खाल्ला.

सूर्य कलला आणि आळीत धावपळ सुरू झाली. जो तो टमरेल घेऊन निघालेला आणि कुणी कुणाशी थांबून बोलायला तयार नाही. मी जैनबचाचींच्या परसाकडे धावले. दाराला कडी. आतून दगडूभाईंचा क्षीण आवाज आला, "बाई, आज जरा थांबावं लागंल." आणि मग तोच आवाज, पण आता बदललेला. "या अल्ला. सोनामुखी."

त्या संध्याकाळी दगडूभाई स्वतःचं पोट धरून घरोघर फिरले. मीठ घातलेली भाताची पेज प्या, थोडी थोडी पीत राहा, पोरांकडे लक्ष ठेवा, असं प्रत्येक दारात सांगत. पोरांनी चिमूटभरच खाल्लं होतं. कुणाच्या जिवावर काही बेतलं नाही. सकाळपर्यंत सगळे हलके होऊन हसायला लागले. आप्पा म्हणाले, "चाचा, पंचवीस वर्षांचं साचलेलं गेलं बगा." हेडमास्तर दोन दिवस शाळेत आले नाहीत, आणि ते दोन दिवस आम्ही सर्वांनी फार सुखात काढले.

पण दुकानाच्या फळ्या उघडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. मी मधल्या सुट्टीत गेले तर दगडूभाई बंद दुकानात अंधारात बसलेले. म्हणाले, "दुकान संपलं, बाई."

"एवढं काय झालं? लोक तर हसताहेत."

"सोनामुखी हुती म्हणून हसत्यात. त्याच फळीवर बचनाग बी हाय."

बचनाग म्हणजे जहर.

परसात चाचींनी मला खरं काय ते सांगितलं. दगडूभाईंना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षं झाली होती. उजव्या डोळ्याने काहीच नाही, डाव्याने फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच. दुकान चालत होतं ते नाकावर, बोटांवर आणि कानांवर. गिऱ्हाइकाला लिंबापर्यंत पाठवायचं ते त्याची पावलं ऐकायला. टाच आपटते की पाय घासतो, श्वास लागतो की नाही, हे ते बसल्या जागी ऐकायचे. आणि एका सर्दीत नाकाने दगा दिला तर काय होतं, ते गावाने पाहिलं होतं.

मी आत गेले ती भांडायलाच. इतके दिवस लोकांना दवाखान्यात पाठवता, टांग्यात बसवून देता, आणि स्वतः? पुण्याला डोळ्यांची ऑपरेशनं होतात हे तुम्हाला ठाऊक नाही? दगडूभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बापाचा डोळा असाच एका फिरत्या माणसानं सुईनं उघडला हुता. तीन दिवस दिसलं. मग मरंपर्यंत न्हाई. मी सात वर्षांचा, त्याचं बोट धरून फिरायचो. माणूस पायावरनं वळखायचा, ते त्यानंच शिकवलं मला." पुढे म्हणाले, "अंधार मला पाठ हाय, बाई. पर सुई नको."

मला एक विचारायचं होतं, ते विचारून टाकलं. "चाचा, तुम्हाला दिसत नव्हतं, तर मी परसात जाताना तुम्ही रोज पाठ कशाला फिरवत होता?"

"मला दिसत न्हाई हे तुमाला कुठं ठावं हुतं?" ते म्हणाले. "तुमाला संकोच वाटला असता."

मी घरी येऊन गंगूमावशींना सगळं सांगितलं. कुणाचं गुपित फोडू नये हे मी मुलांना शिकवत असे, पण त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही. मावशींनी ऐकलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "शेळी कुणाकडं हाय सध्या?"

त्या रविवारी सकाळी अत्तारांच्या बंद दुकानासमोर निम्मी पेठ जमली. दगडूभाई ओट्यावर बसले होते. मावशी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"दगडू, काल राती काय खाल्लंस?"

"मावशी, चेष्टा नको."

"इचारलं त्याचं उत्तर दे. घास किती येळा चावलास? झोप कवा लागली?"

"लागली न्हाई."

"उठून दाखव. हात टेकायचा न्हाई."

दगडूभाई उठले.

"आता लिंबापर्यंत चालून दाखव."

तेवढी वाट त्यांना पाठ होती. बावीस पावलं. टोपी नीट केली आणि निघाले, ताठ, भरभर, डोळस माणूस चालेल तसे. आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो, कारण चौदाव्या पावलावर बिजली होती. गळ्यातली घंटा काढलेली, तोंडापुढे हिरवा पाला, आणि वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाला बांधलेली. तिच्या पलीकडे खंडूआप्पा हात पसरून उभे.

दगडूभाई शेळीला अडखळले आणि आप्पांनी त्यांना वरच्या वर झेललं. जुना पैलवान कामाला आला. बिजली ओरडली. हमाल हसले, आणि मावशींनी मान वळवताच गप्प झाले. दगडूभाईंनी आप्पांच्या हातातून सुटायची घाई केली नाही. खाली वाकून शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "बिजले, तू बी ह्यांच्यातच?" ते म्हणाले.

"भर उजेडात शेळी दिसंना झाली," मावशी म्हणाल्या. "ह्याच्यावर काय औषध, दगडू? तूच सांग."

मग दगडूभाईंनी हात जोडले, सवयीने, जसे ते दुसऱ्यांपुढे जोडायचे.

"हे माझं काम न्हाई," ते म्हणाले. "दवाखान्यात..." आणि तिथे थांबले.

"दवाखान्यात जा," मावशींनी वाक्य पुरं केलं.

"आप्पा," दगडूभाई म्हणाले, "सुई लावतील तवा हात सोडशील का?"

"मरंपर्यंत न्हाई सोडत, चाचा."

आप्पा, चाची आणि कागद भरायला मी, असे आम्ही एसटीने त्यांना पुण्याला घेऊन गेलो. आप्पांना ऑपरेशनच्या खोलीत कुणी जाऊ देईना. ते दाराबाहेर पैलवानी बैठक मारून बसले आणि आत ओरडून सांगत राहिले, "चाचा, हात सोडला न्हाई हां! हितंच हाय!" नर्स दोनदा रागावून गेली, तिसऱ्यांदा तिने नाद सोडला. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर आठ दिवस डोकं न हलवता पडून राहावं लागे. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सगळ्या गावाला चालायला लावणाऱ्या माणसाला ती शिक्षा काय वाटली असेल! पण ते पडून राहिले. पडल्यापडल्या त्यांनी सगळ्या वॉर्डाला घास चावायला शिकवलं. सहाव्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा पट्टीखालून आवाज आला, "डाक्टरसाहेब, डाव्या गुडघ्याला जपा. जिना उतरताना दुखतो ना?" डॉक्टर उभेच राहिले. मग हसत म्हणाले, "याला लवकर घरी पाठवा, नाहीतर माझे पेशंट हाच पळवील."

दीड महिन्याने चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड आणि त्यांमागे त्यांचे डोळे वाटाण्याच्या शेंगांतले टपोरे दाणे वाटायचे. दगडूभाईंनी दुकान उघडलं, आणि आपलं दुकान इतकं कळकट आहे हे त्यांना चार वर्षांनी कळलं. बिचाऱ्या चाचींना तीन दिवस जळमटं काढावी लागली. मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. बचनागाच्या डब्याला लाल शाईने, आणि त्याला एक कुलूपही घातलं. गंगूमावशी मोठ्या हौसेने भेटायला गेल्या तर दगडूभाई त्यांच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आवो मावशी, तुमी येवढ्या म्हाताऱ्या कवा झाला?" मावशी महिनाभर त्यांच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. मला पाहून म्हणाले, "पावलावरनं तुमी उंच वाटत हुता." माझ्या उंचीबद्दल मला कधी वाईट वाटलं नव्हतं ते त्या दिवशी वाटलं.

चष्म्याचा धंद्याला मात्र त्रास झाला. माणूस समोर आला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि तोंडं खोटं बोलतात. लोक हसून "बरं हाय, चाचा" म्हणायचे आणि त्यांना ते खरं वाटायचं. लोक कुरकुरायला लागले की चाचांचं पहिल्यासारखं राहिलं नाही. मग दगडूभाईंनी त्यावर तोडगा काढला. डबा शोधायचा, माल तोलायचा, तो चष्मा घालून. माणूस तपासायचा झाला की चष्मा काढून गुडघ्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं. चालून दाखवा."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी वाईजवळ बदली झाली. मी ती स्वतःच मागितली होती. घरची माणसं जवळ येणार, आईच्या हातचं मिळणार, शाळेत बायकांसाठी नीट सोय होती. मी खूश होते आणि तसं सगळ्यांना सांगत होते. एसटीच्या थांब्यावर गंगूमावशी डोळे पुसत होत्या तेव्हाही मीच त्यांना रागावले की एवढं काय, पत्र लिहीन ना. आप्पांनी ट्रंक टपावर चढवली. चाचींनी पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या हातात दिला आणि कानात म्हणाल्या, "वाटंत पाणी पीत जा."

दगडूभाई बिजलीचं दावं हातात धरून जरा बाजूला उभे होते. मी नमस्कार केला. जाड काचांमागून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तोंडावरनं तर झ्याक दिसताय, बाई."

"आहेच मी झ्याक, चाचा."

त्यांनी चष्मा काढला. मिटलेल्या डोळ्यांनी मान तिरकी केली. "गाडीपर्यंत चालून दाखवा," ते म्हणाले.

गाडी दहा पावलांवर होती. मी चालले. मुद्दाम चटपटीत चालले, टाच न आपटता, इतक्या दिवसांत शिकले होते तशी. दारात पोचून मागे वळून विचारलं, "काय म्हणतात पावलं?"

"जड हायती," दगडूभाई म्हणाले. "लई जड."

मला हसता येईना. तरी म्हटलं, "मग द्या की काहीतरी औषध. तीन वर्षांत एकदाही दिलं नाहीत."

"ह्याला द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "हे ऱ्हाऊ द्या."

कंडक्टरने घंटी दिली. मी खिडकीशी बसले आणि रडले. आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता रडले. गाडी सुटली तेव्हा मागे बघितलं. सगळे हात हलवत होते. दगडूभाईंच्या एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्या हातात दावं, त्यामुळे त्यांना हात हलवता येत नव्हता. त्यांचे डोळे मिटलेलेच होते आणि मान तशीच तिरकी होती. गाडी मोशीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते ऐकत उभे होते.